थेग्यू हयात आहे

न्हाव्याच्या दुकानातल्या मुलीने माझा उजवा हात मांडीवरच्या पंचावर ओढून घेतला, कोमट पाण्यात बुडवला, पुसला आणि करंगळीच्या नखाला कात्री लावली. मी हात इतक्या जोरात हिसडून घेतला की साबणाचं भांडं उडून आरशाखालच्या फळीवर आपटलं. आह्यन टेकडीच्या पायथ्याचं हे दुकान मी लहानपणापासून ओळखतो. इथे दाढी झाली की कान साफ करतात, नखं काढतात, मानेचा एक कडाका मोडून देतात, आणि सोलमधल्या कुठल्याही दुकानात हेच चालतं. मुलगी भांबावून माझ्याकडे बघत राहिली. म्हातारा न्हावी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तसाच धरून म्हणाला, "काय हो शिपाईदादा, कात्रीला एवढे घाबरता, तर गोळी आली की काय करणार?" बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. पण हात मांडीखाली दाबून ठेवला आणि दाढी होईपर्यंत बाहेर काढला नाही. खरं म्हणजे कापायला नखं होतीच कुठे? आठवड्यापूर्वी छावणीच्या मैदानावर आमच्या अख्ख्या कंपनीने रांगेत बसून दहाही बोटांची नखं काढली होती आणि केसांच्या बटेसोबत पाकिटात घालून दिली होती. देह परत आला नाही तर घरच्यांना पुरायला काहीतरी हवं, म्हणून. माझ्या शेजारी बसलेला मा दोकफाल म्हणाला होता, "माझी नखं ठेवून घ्या म्हणावं, शेत नांगरायला होतील." कॉर्पोरल ओरडला, आम्ही पाकिटं चिकटवली, आणि त्या चिकटवणाऱ्या खळीला भाताचा वास येत होता. त्या दिवशी मला काही वाटलं नव्हतं. आज या खुर्चीत, पंख्याच्या वाऱ्यात, एका पोरीच्या मऊ हातात माझा हात असताना मला एकदम वाटलं की नखाची आणखी एक कोर जरी निघाली तरी इकडे राहिलेला मी आणि तिकडे पाकिटात गेलेला मी, यांतलं वजन तिकडे झुकेल. वेडगळपणा आहे, मला कळतं. लहानपणी नखं इकडेतिकडे टाकली की आई ओरडायची, उंदीर ती खातो आणि तुझं रूप घेऊन घरात येऊन बसतो, मग मी कुणाला जेवू घालायचं? मी विचारायचो, तुला ओळखता येणार नाही का? ती म्हणायची, पोटचं पोर दारात उभं असलं की कोण तपासत बसतं.

दुकानातून बाहेर पडलो तर ऑगस्टचं ऊन टेकडीवर नुसतं ओतलं जात होतं. वर घर होतं, घरात आई होती, आणि मला तिला एक गोष्ट सांगायची होती, जी मी कित्येक महिने सांगू शकलो नव्हतो. ही शेवटची रजा. चार दिवसांनी आमची डिव्हिजन आगगाडीने बुसानला आणि तिथून जहाजाने व्हिएतनामला जाणार होती. आईला वाटत होतं मी गांगवनच्या डोंगरात खंदक खणतोय. मी एक वाक्य बोललो असतो तर तिने एक वाक्य बोलायचं होतं, वॉर्ड ऑफिसात जाऊन, की माझा थोरला मुलगा थेग्यू वारला. एवढं झालं की मी एकुलता ठरतो, आणि एकुलत्या मुलाला समुद्रापार पाठवत नाहीत. मला जायचं नव्हतं. हे मी दोकफालला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही, पण मला मरणाची भीती वाटत होती, अगदी साधी. आणि ती जावी म्हणून मला माझ्या आईच्या तोंडून माझा भाऊ मारायचा होता.

दादा उत्तर-दक्षिणेच्या लढाईच्या पहिल्या उन्हाळ्यात गेला, सोळा वर्षांपूर्वी. तो एकोणीसचा होता, मी आठ वर्षांचा. उत्तरेचं सैन्य शहरात घुसलं होतं, दुकानं बंद होती, आणि कुणीतरी म्हणालं की खाली बाजारात जवाचं पीठ मिळतंय. दादा पिशवी घेऊन उठला. आई म्हणाली, भात टाकते, लगेच ये. कुठून तरी मूठभर तांदूळ आले होते, त्या उन्हाळ्यातला तो बहुतेक शेवटचा भात. दादा म्हणाला, येतोच. त्याने चपला घातल्या तेव्हा एका चपलेचा पट्टा तुटला होता आणि तो त्याने सुतळीने बांधला. एवढंच मला आठवतं, आणि तेही खरंच आठवतं की आईने इतक्यांदा सांगितल्यामुळे आठवतं, हे मला सांगता येणार नाही. कुणी म्हणालं रस्त्यातून पोरं उचलून उत्तरेला नेली, कुणी म्हणालं पुलाजवळ बॉम्ब पडला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि भात झाकून ठेवला. त्या दिवसापासून ती रोज एक वाटी वेगळी काढते. हिवाळ्यात जमिनीचा जो भाग चुलीमुळे तापतो तिथे रजईखाली, उन्हाळ्यात खिडकीत ओल्या फडक्याखाली. बाहेर गेलेल्या माणसाची वाटी सगळीच घरं ठेवतात, त्यात विशेष काही नाही. फक्त इतर घरांत तो माणूस येऊन जेवतो. आमच्याकडे ती वाटी दुसऱ्या दिवशी सकाळी मी खायचो. सोळा वर्षं मी दादाच्या शिळ्या भातावर वाढलो. टेकडीवरची सगळी घरं पत्र्याची पक्की झाली, लोक नव्या वसाहतीत गेले, आई हलली नाही. तो येईल आणि दार सापडणार नाही, म्हणाली. श्राद्ध तर सोडाच, त्याच्याबद्दल कुणी 'होता' म्हटलं तरी ती मध्येच 'आहे' म्हणायची, अगदी शांतपणे.

व्हिएतनामची बातमी आली तेव्हा गावागावांत हिवाळ्याची किमची घालायचे दिवस होते. आम्हीही छावणीत कोबीच्या डोंगराएवढ्या राशीला मीठ चोळत होतो, हात सुजून लाल झाले होते, आणि कुणीतरी म्हणालं की दुसरी डिव्हिजन गेली, आता नंबर आपला. दोकफाल तिखटाचा हात नाकाला लावून बसला होता, म्हणाला, "चला, तिकडे म्हणे थंडीच नसते. मी तर गाय घेऊनच येणार." दोकफाल दक्षिणेकडचा, खेड्यातला. त्याला खरंच गाय हवी होती. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका असावा इथपर्यंत त्याने ठरवलं होतं. मला त्याचा हेवा वाटायचा. ज्याला काहीतरी हवं असतं तो सुखाने जातो, मला फक्त काहीतरी नको होतं. मग हिवाळा असाच गेला, बर्फात कवायती, बुटात गोठलेले पाय, आणि अफवा. आज ठरलं, उद्या रद्द झालं. वसंतात नक्की झालं आणि माणसं बदलायला लागली. ज्याचा मामा मंत्रालयात होता तो एका सकाळी गादी गुंडाळून गेला, ज्याच्या बापाची गिरणी होती त्याच्या पाठीत अचानक दुखणं निघालं, आणि त्यांच्या रिकाम्या जागांवर अनोळखी पोरं येऊन बसली, ज्यांचं कुणीच नव्हतं. मी रोज रात्रीच्या हजेरीला बघायचो आणि मला वाटायचं, अख्खी कंपनी हळूहळू माझ्यासारख्यांचीच होत चालली आहे. माझा मामा नव्हता, गिरणी नव्हती. माझ्याकडे फक्त एक नसलेला भाऊ होता, आणि तो नेमका असण्यातच जमा होता.

कॅप्टन बानने मला एकदा तंबूत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. उन्हाने काळा पडलेला, सदा झोप अपुरी, बोलताना पेन्सिल कानात घालणारा. "घरी कोण कोण?" "आई, साहेब." "भाऊ?" "एक. थोरला." "काय करतो?" "घरी नसतो." "मग कुठे असतो?" "माहीत नाही, साहेब. लढाईच्या पहिल्या उन्हाळ्यात बाहेर गेला." त्याने पेन्सिल कानातून काढली. "अरे गाढवा, मग तो मेलाय." मी म्हणालो, "सरकारदरबारी हयात आहे." त्याने पेन्सिल पुन्हा कानात घातली. मग म्हणाला, "आईला घेऊन ऑफिसात जा. दोन शेजारी साक्षीला घे. एकदा सांगू दे म्हणावं. मी तुला दुसऱ्या तुकडीत ढकलून देईन, कुणाला कळणार नाही. पण जहाजाची माणसं ठरायच्या आत ये. नंतर माझ्या तंबूत रडायला येऊ नकोस." मी सलाम ठोकला. बाहेर जाताना तो मागून म्हणाला, "मलाही एक भाऊ होता." बस, एवढंच. पुढे त्याने तो विषय कधी काढला नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर दोनदा रजा मिळाली आणि दोन्हीदा मी हे वाक्य घेऊन टेकडी चढलो. आई खोलीतच सोयाबीनचे मोड वाढवून बाजारात विकते. कोपऱ्यात तळाला भोकं पाडलेला मोठा रांजण, त्यावर काळं फडकं, खाली परात. ठरावीक वेळाने ती उठते, फडकं बाजूला करते आणि लोट्याने पाणी घालते. पाणी मोडांमधून झिरपत खाली परातीत ठिबकतं, तो आवाज बराच वेळ चालतो. उजेड लागला की मोड हिरवे आणि कडू होतात, म्हणून त्या कोपऱ्यात कायम अंधार. मी त्या आवाजात जन्मभर झोपलो आहे. पहिल्या रजेत मी म्हणालो, "आई, एक सांगायचंय." ती म्हणाली, "थांब, पाणी घालून येते," आणि पाणी घालून आली तेव्हा तिच्या हातात वाटी होती, ती तिने फडक्याखाली ठेवली आणि मला म्हणाली, "हं, काय?" मी म्हणालो, बूट चावतात. दुसऱ्या रजेत तर मी जेवणानंतर सुरुवातही केली होती. म्हणालो, "दादाचं समज..." तिने डोळे वर केले. त्या डोळ्यांत राग नव्हता, भीती नव्हती, उलट बातमी ऐकायला माणूस जसा पुढे सरकतो तशी ती पुढे सरकली. तिला वाटलं मला काहीतरी कळलंय. कुणी पाहिलं, कुणी भेटलं. मी म्हणालो, "समज, तो आला, तर झोपणार कुठे?" ती हसली. म्हणाली, "तुझ्या शेजारी. तू आधी लाथा मारायचं सोड."

जूनमध्ये आम्हाला डोंगरात नेलं आणि तिथे आम्ही एक खोटं गाव बांधलं. गवताच्या झोपड्या, बांबूचं कुंपण, विहिरीच्या जागी खड्डा. व्हिएतनाममध्ये गावं अशी असतात म्हणाले. मला ती आमच्याच गावांसारखी वाटली, फक्त छपरं जरा वेडीवाकडी, कारण ती शिपायांनी शाकारली होती. रोज निम्मे लोक गावकरी व्हायचे आणि निम्मे झडती घ्यायचे. हात वर कर, बाहेर ये, खोटं बोलू नकोस, असली चार वाक्यं आम्हाला त्यांच्या भाषेत पाठ करायला लावली होती आणि आम्ही ती कवायतीच्या ठेक्यावर ओरडायचो. दोकफालला म्हातारीचं काम आवडायचं. डोक्याला फडकं बांधून, ओठ आत ओढून तो अशी काही लाडीगोडी लावायचा की सार्जंटसुद्धा हसायचा. एके दुपारी मी लाथेने दार उघडलं तर आत तो उकिडवा बसला होता, पुढ्यात टोपलं पालथं घातलेलं, त्यावर दोन्ही हात, आणि आमच्याच भाषेत हेल काढून म्हणाला, "बाबांनो, घरात कोणी नाही रे. थोरला बाहेर गेलाय. येईलच इतक्यात." तो गंमत करत होता. त्याला काय माहीत, हेच, अगदी याच शब्दांत, आई दारात आलेल्या प्रत्येक बंदूकवाल्याला सांगत होती. आधी उत्तरेच्या, मग आपल्या, मग चिन्यांच्या, मग पुन्हा आपल्या. मी तिच्या मागे तिच्या घागऱ्याला धरून उभा असायचो आणि बंदुकीचं टोक बरोबर माझ्या डोळ्यांसमोर यायचं. आता ती बंदूक माझ्या हातात होती, आणि टोकासमोर फडकं बांधलेलं डोकं होतं. चारही वाक्यं गेली. सार्जंटने मागून कानाखाली वाजवली तेव्हा मी शुद्धीवर आलो. "तिकडे असा थिजलास तर म्हातारी टोपल्याखालून बॉम्ब काढेल," तो म्हणाला. संध्याकाळी दोकफाल माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "लागलं का रे? उद्यापासून मी म्हातारा होतो. म्हाताऱ्याला बिनधास्त मार." मला त्याला सगळं सांगावंसं वाटलं. पण तो लगेच गाईवर आला. मला त्याचा रागही आला आणि बरंही वाटलं.

तर आज, दाढी करून, नखं वाचवून मी टेकडी चढलो, आणि घराच्या ओट्यावर हवालदार नाम बसला होता. तोही वर्षानुवर्षांच्या ओळखीचा. कागदोपत्री दादा भरतीच्या वयाचा झाला, मग ते वय उलटूनही गेलं, पण तो हजर झाला नाही, म्हणून सरकारी हिशेबी तो फरारी. दर उन्हाळ्यात नाम चौकशीला यायचा. शेजारणी पोलीस बघून दारं लावून घ्यायच्या, आणि आमच्या आईचा चेहरा उजळायचा. अख्ख्या शहरात तिच्या थोरल्या मुलाबद्दल 'कुठे आहे' असं विचारणारा हा एकच माणूस होता. बाकी सगळे 'गेला' म्हणणारे. आताही ती त्याला पंख्याने वारा घालत होती आणि जवाचा थंड चहा पुन्हा पुन्हा वाढत होती. "काय मावशी, आला का आमचा फरारी?" "येईल हो, हवालदारसाहेब. आला की मीच घेऊन येते ठाण्यावर. तुम्ही रागावू मात्र नका त्याला." "रागावतोय कशाला? एवढी वर्षं शोधतोय, दिसला तर मिठी मारीन." आई तोंडाला पदरासारखी बाही लावून हसली. मग नामची नजर माझ्या खांद्यावरच्या बिल्ल्यावर गेली. व्हिएतनामला जाणाऱ्या डिव्हिजनचा म्हणून पेपरात रोज त्या बिल्ल्याची चित्रं येत होती; आईला वाचता येत नाही. नाम माझ्याकडे बघत राहिला, मग आईकडे, मग चहाचा पेला त्याने जरा जास्तच जपून खाली ठेवला.

त्या दिवशी जेवायला आईने मोडांचं सार केलं होतं, वांग्याची भाजी, आणि कुठूनशी एक खारवलेली मासळी. काटे काढून ती माझ्या भातावर ठेवत होती. मी म्हणालो, "आई, आमची बदली झालीये. बुसानला." हे खोटं नव्हतं, म्हणजे निम्मं नव्हतं. ती म्हणाली, "बरं झालं. डोंगरात थंडीने हाडं गेली असती. तिकडे मासळी ताजी मिळते." "लांब आहे, लवकर येता यायचं नाही." "हो रे, मला माहीतेय बुसान कुठे आहे." मग खिडकीतल्या वाटीवरचं फडकं सारखं करत ती म्हणाली, "तू येशीलच. तुझं मला काही नाही. तू जातोस आणि येतोस." हे ती अगदी विश्वासाने म्हणाली. काळजी करायची तिची सगळी शक्ती एका मुलाने खाल्ली होती आणि दुसऱ्याच्या वाट्याला निश्चिंती आली होती. मी तोंड उघडलं असतं तर ती निश्चिंतीही गेली असती आणि तो मुलगाही गेला असता. पाणी परातीत ठिबकत होतं. मला दादाचा तिरस्कार वाटला, अगदी उघड, पहिल्यांदाच. तो मेला म्हणून नाही, मरत नाही म्हणून. आणि लगेच लाज वाटली, आणि मी आणखी भात मागितला.

निघालो तेव्हा नाम वळणावरच्या नळापाशी थांबला होता. सायकल हातात, टोपी मागे सरकवलेली. "तिला माहीत नाही ना?" "नाही." "थोरल्याचं तिने तोंडातून एकदा काढलं तर तू सुटतोस, हे माहीत आहे?" "तिला काही सांगू नका, हवालदारसाहेब." "मी साक्षीला उभा राहीन. वॉर्डातल्या कारकुनाला मी ओळखतो." "नका सांगू." तो चिडला. "तू तिकडे मेलास तर मी दर उन्हाळ्यात कुणाच्या नावाने चहा प्यायचा रे त्या ओट्यावर? दोघांच्या?" मी सलाम केला आणि उतार उतरायला लागलो. मी त्याला नको म्हणालो, हे खरं आहे. पण पूर्ण उतरेपर्यंत मला वाटत होतं की याने माझं ऐकू नये.

चार दिवसांनी गाडी छावणीतून निघाली आणि वाटेत सोलला योंगसान स्टेशनात थांबली. फलाटावर माणसांचा समुद्र. बँड, झेंडे घेतलेल्या शाळेच्या मुली, हार, ढोल, आणि या सगळ्यात डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया, ज्या डब्याडब्यात तोंड घालून नावं पुकारत होत्या. आम्हाला खाली उतरायची परवानगी नव्हती. दोकफाल खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळत अनोळखी बायकांकडून उकडलेली अंडी गोळा करत होता, प्रत्येकीला म्हणत होता, "आई, मीच तुमचा मुलगा," आणि त्या रडत रडत हसत होत्या. मी आत सरकून बसलो होतो. माझं कुणी येणार नव्हतं. मग दोकफाल म्हणाला, "ए प्यो, ते बघ, एक पोलीस तुझं नाव घेतोय."

नाम गर्दी फोडत येत होता आणि त्याच्या पट्ट्याला धरून मागे आई. तिने पांढरे, खळ घातलेले कपडे घातले होते, सणासुदीचे की सुतकाचे, पांढऱ्यात ते कळत नाही. केस चापून बसवलेले. तिला खिडकी उंच होत होती, म्हणून नामने कुणाची तरी पेटी ओढली आणि ती तिच्यावर चढली. तिचा चेहरा एकदम माझ्या चेहऱ्याइतका वर आला. ती धापा टाकत होती. "सांगितलं मी," ती म्हणाली. "आत्ता सांगून आले. स्वतःच्या तोंडाने सांगितलं. चल, उतर."

"काय सांगितलंस, आई?"

"थेग्यू गेला म्हणून. शेजारची सुनग्यंगची आई आली होती साक्षीला, आणि हे हवालदारसाहेब आले होते. त्या कारकुनाने विचारलं, कधी गेला. तारीख लागते म्हणे, तारखेशिवाय लिहीत नाहीत." तिने ओठ पुसले. "मी म्हटलं, आज. आज सकाळी. आज सकाळपर्यंत मी त्याचा भात काढलाय, मग मी सोळा वर्षांपूर्वीची तारीख कशी देऊ? तो म्हणतो असं चालत नाही, आज मेला तर देह दाखवा. या हवालदारसाहेबांनी त्याला समजावलं, तेव्हा लिहिलं त्याने काहीतरी. झालं ते काम. उतर आता खाली, घरी चल."

नाम माझ्या नजरेला नजर देत नव्हता. मी आत वळून कॅप्टन बानला हाक मारली. तो डब्याच्या दारातच होता, त्याने सगळं ऐकलं होतं. तो खिडकीशी आला, टोपी काढली आणि आईसमोर वाकला, आपल्या आईसमोर वाकावं तसा. "आई," तो म्हणाला, "माफ करा. जहाजाची माणसं बुसानला मोजून झाली. यादीत याचं नाव चढलंय. आता मी याला उतरवलं तर तो फरारी ठरेल. उशीर झाला." आई त्याच्याकडे लक्ष देऊन ऐकत होती, बाजारात भाव ऐकते तशी. "किती उशीर?" तिने विचारलं. "म्हणजे काल सांगायला हवं होतं का?" बानने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. "मला काल माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मला आज सकाळी कळलं."

इंजिनाने शिटी दिली. बँडचा आवाज चढला, मुली झेंडे हलवायला लागल्या, दोकफालची अंडी खाली पडून बुटांखाली चिरडली. मी हात बाहेर काढून आईचा हात धरला. तो ओला आणि सुरकुतलेला होता, मोडांच्या पाण्याचा. मला खूप काही म्हणायचं होतं. मला म्हणायचं होतं की मला भीती वाटते, की मी मुद्दाम सांगितलं नाही, की मी नामला थांबवलं ते मनापासून नाही. ती रडत नव्हती. कपाळाला आठी घालून ती विचार करत होती, आणि मग माझ्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "मग मी परत जाऊ का? त्या कारकुनाला सांगू, की चुकलं माझं, थेग्यू आहे म्हणून?"

मी नामकडे पाहिलं. त्याने डोळे मिटले होते. गाडीला पहिला हिसका बसला.

"हो आई," मी म्हणालो. "सांग. तो आहे म्हणून सांग."

"लिहितील ना पुन्हा?"

"लिहितील."

तिचा चेहरा सुटला. तिने माझा हात दोनदा थोपटला, सोडला, आणि पेटीवरून खाली उतरली. नाम तिला काहीतरी म्हणाला, बहुतेक थांबा म्हणाला, गाडी जाईपर्यंत तरी थांबा. पण ती थांबली नाही. आजूबाजूच्या सगळ्या बायका गाडीबरोबर पळत होत्या, हात वर करून, नावं घेऊन, आणि त्यांच्या विरुद्ध दिशेने माझी आई घागरा उचलून धरून भराभर चालली होती, लोकांना बाजूला सारत, एकदाही मागे न बघता. वॉर्ड ऑफिस संध्याकाळी बंद होतं, आणि तिला त्याआधी पोचायचं होतं.